डच म्हणे शहाण्यासारखे निघून गेले!

वेंगुर्लेकर
परवा ट्यूलिपवाल्यांनी इथे लिहिलं: इंग्रजांपेक्षा डच बरे, वेळ आली तसे शहाण्यासारखे निघून गेले, दक्षिण अमेरिकेतली सुरिनाम ही वसाहत सोडताना पैसे दिले, वर माफीही मागितली. दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमलं नाही.

इंडोनेशिया डचांचीच वसाहत. तिथल्या सुकार्नो-हात्ता या नेत्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं १७ ऑगस्ट १९४५ ला. डचांनी सत्ता सोडली २७ डिसेंबर १९४९ ला. मधली चार वर्षं काय सत्यनारायण घातला होता? १९४७ आणि १९४८ मध्ये दोन लष्करी मोहिमा काढल्या आणि नाव काय दिलं, तर 'पोलीस ॲक्शन'. (मराठवाडेकरांना शब्द ओळखीचा वाटेल.) डिसेंबर १९४७ मध्ये रावागेदे गावात पुरुषांना उभं करून गोळ्या घातल्या. गाव ४३१ चा आकडा सांगतं. विधवांना भरपाई मिळाली २०११ मध्ये, तीही हेगच्या कोर्टात भांडल्यावर. प्रत्येकी वीस हजार युरो.

आणि पैसे? इंडोनेशियातून निघताना चार अब्ज गिल्डरहून (तेव्हाचं डच चलन) जास्त कर्ज त्या नव्या देशाच्याच गळ्यात बांधलं. याला शहाणपण म्हणत असाल तर आमच्या गावचे सावकार संतच होते.

गोदाकाठ
तो कंस खटकला. हैदराबादची पोलीस ॲक्शन आणि डचांची एका ओळीत? आमची माणसं रझाकारांच्या हातून मेली आहेत. चुलतआजोबा रात्री नदी ओलांडून पळाले होते.

वेंगुर्लेकर
शब्द सारखा आहे एवढंच म्हटलं. युद्धाला युद्ध म्हणायचं नसलं की हाच शब्द सगळ्यांना सुचतो.

गोदाकाठ
म्हणजे पुन्हा तेच म्हणालात. असो.

ट्यूलिपवाला
मी हेगमध्ये नऊ वर्षं राहतोय, म्हणून थोडं बोलतो. शेजारी सुरिनामी हिंदुस्तानी, म्हणजे तिकडे मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या वंशातल्या, बाई आहेत. नातवंडं त्यांना 'आजी' म्हणतात, शब्दही आपलाच. त्या १९७५ मध्ये, नोव्हेंबरात स्वातंत्र्य यायच्या आधी, विमानात बसल्या. कारण त्यांना ते नको होतं! तिथल्या हिंदुस्तानींचे नेते लछमन यांचा पक्ष इतक्या घाईच्या विरोधात होता. पुढे काय झालं? १९८० मध्ये सार्जंटांनी सत्ता बळकावली, ८ डिसेंबर १९८२ ला लष्करशहा बाउटर्सेच्या राजवटीत १५ विरोधक मारले गेले. आजी म्हणतात, 'आम्ही पळालो म्हणून वाचलो.' जा, त्यांना समजावा वसाहतवाद.

आणि माफीचं म्हणाल तर इंडोनेशियातल्या हिंसेबद्दल २०२० मध्ये डच राजाने, २०२२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांनी मागितली. लंडनहून जालियनवाला बागेबद्दल खेदापलीकडे काय आलं, सांगा.

वेंगुर्लेकर
१७ ऑगस्ट ही तारीख पूर्णपणे मान्य आहे, हे रुटे यांनी म्हटलं २०२३ मध्ये. ७८ वर्षांनी! आमच्याकडे बारसंसुद्धा एवढं लांबवत नाहीत.

माणदेशी
इंडोनेशियाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत. ऑक्टोबर १९४५ ला इंग्रजांच्या फौजेबरोबर जावा बेटावरच्या सुराबाया शहरात होते. जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायची, छावण्यांतले कैदी सोडवायचे, असं सांगून नेलेलं. २८ तारखेला अख्खं शहर अंगावर आलं. ३० ला त्यांचा इंग्रज अधिकारी ब्रिगेडियर मॅलबी ज्या इमारतीसमोर मेला, तिच्या आत मराठ्यांचीच कंपनी होती. आणि त्याच वेळी इकडे गावात धाकटा भाऊ पत्री सरकारात! आजोबा परत आल्यावर दोघं भाऊ कितीतरी महिने एका पंक्तीला बसले नाहीत. पदक ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होतं. आम्ही विचारलं की म्हणायचे, 'समोरची पोरं धाकट्याच्याच वयाची होती.'

रोखठोक
भावना समजल्या. पण गोऱ्यांचं राज्य परत आणायला पगारावर गेलेल्यांचे कढ किती काढायचे? काही भारतीय शिपाई पलटण सोडून इंडोनेशियाच्या बाजूला गेलेच होते ना?

माणदेशी
तुमच्या आजोबांनी कोणती पलटण सोडली, तेवढं सांगा. माणमधल्या दुष्काळात भरतीला गेलेला माणूस जकार्ता कुठे आहे हे विचारून सही करत नव्हता.

रोखठोक
वैयक्तिक होऊ नका.

माणदेशी
आजोबांना पगारी कोण म्हणालं?

सईची_आई
भांडा खुशाल, पण हाच प्रश्न मोलुक्कन, म्हणजे इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरच्या, लोकांचा आहे. डचांच्या बाजूने लढलेले सैनिक, १९५१ मध्ये बायकामुलांसकट साडेबारा हजार जण हॉलंडला नेले. थोड्याच दिवसांसाठी म्हणून. उतरताच सैन्यातून काढलं आणि त्यातल्या अनेकांना ठेवलं कुठे, तर वेस्टरबोर्कच्या छावणीत, जिथून नाझींनी ज्यूंना पाठवलं त्याच बराकींत. हॉलंडमधल्या १९७५ आणि १९७७ च्या रेल्वे अपहरणांतली पोरं यांचीच. माणदेशी, तुमचे आजोबा निदान घरी तरी आले.

माणदेशी
हे माहीत नव्हतं. पत्री सरकारवाल्या भावाकडे तरी आले, खरंय.

ट्यूलिपवाला
सगळे डचांवर तुटून पडलात, पण १९ डिसेंबर १९६१ आठवा. आपलं सैन्य गोव्यात, त्याच दिवशी सुकार्नोने तेव्हा डचांकडेच असलेला पश्चिम पापुआ घ्यायचा हुकूम सोडला. डचांनी तिथे नुकताच पापुआंचा झेंडा चढू दिला होता. १९६९ मध्ये सुमारे हजार निवडक माणसं उभी करून इंडोनेशियात राहायला 'होय' वदवून घेतलं. याचं पाप कोणाच्या माथी?

वेंगुर्लेकर
इंडोनेशियाच्या. घ्या, झालं समाधान? पण झेंडा चढवायला डचांना १९६१ का उजाडलं, याचंही उत्तर द्या.

ट्यूलिपवाला
बरं, 'शहाण्यासारखे' हा शब्द मागे घेतो. माफीचा मुद्दा तसाच ठेवतो. आजींना विचारून येतो.

रोखठोक
सुराबायासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

माणदेशी
काढणार नाही. ट्रंक थोरल्या काकांकडे आहे. दिवाळीत गावी गेलो की पदकाचा फोटो इथेच टाकतो.