आयटीएसच्या पेपरांचा नकाशा काढला, पण मधला मोठा गोळा नक्की कोणाचा?

ऐरोलीची_पोर
एमटेकच्या प्रोजेक्टसाठी इंटेलिजंट ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्समध्ये (आयटीएस, म्हणजे सेन्सर आणि कॉम्प्युटरने वाहतूक सांभाळणं) कोण कोणाबरोबर पेपर लिहितं आणि विषय कसे बदलत गेले ते बघतेय. स्कोपसमधून (रिसर्च पेपरांचा डेटाबेस) डेटा काढून व्हीओएसव्ह्यूअरमध्ये (त्याचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर, एक गोळा म्हणजे एक लेखक किंवा कीवर्ड) टाकला तर मधोमध "वांग वाय." असा भलामोठा गोळा आला, सगळ्यांशी जोडलेला. सर खूश, म्हणाले यांच्यावरच एक चॅप्टर लिही. पण एकच माणूस सिग्नल, बॅटरी, ड्रायव्हरची झोप सगळ्यावर कसा लिहील? आणि एका कोपऱ्यात चक्क बुरशीचे पेपर आलेत 😭

तीन_हात_नाका
बुरशी 😂 नुसतं "आयटीएस" टाकून सर्च मारलंस ना? बुरशीची जात ओळखायला डीएनएचा जो तुकडा वापरतात त्यालाही आयटीएसच म्हणतात. पूर्ण नाव टाक आणि विषय इंजिनिअरिंगपुरता ठेव.

पामबीच_काका
अगं तो एक माणूस नाहीच. आडनाव आणि एक इनिशियल एवढंच बघितलं तर चिनी नावं एकावर एक बसतात, म्हणजे आपल्याकडे "पाटील एस." शोधल्यासारखं. स्कोपसच्या फाइलमध्ये ऑथर आयडीचा, म्हणजे प्रत्येक लेखकाच्या वेगळ्या नंबरचा कॉलम असतो, नावाच्या जागी तो घे. कीवर्डसाठी थिसॉरस फाइल कर, म्हणजे एकाच अर्थाचे शब्द एकत्र धरायची यादी, नाहीतर "आयटीएस" आणि त्याचं पूर्ण नाव दोन वेगळे गोळे दिसतील. आणि फ्रॅक्शनल काउंटिंग लाव, म्हणजे एका पेपरचं वजन त्याच्या लेखकांत वाटलं जातं, नाहीतर दहा जणांचा एक पेपर उगाच सगळ्यांना फुगवतो.

तीन_हात_नाका
ट्रेंडबद्दल पण एक सांगतो. २०१५ नंतर ट्रॅफिक प्रेडिक्शनमध्ये डीप लर्निंगचा पूर आलेला दिसेल, त्याला एक कारण डेटा पण आहे. कॅलिफोर्नियाचा पेम्स डेटा सगळ्यांना मिळतो, हायवेच्या प्रत्येक लेनमधल्या सेन्सरचा, दर ५ मिनिटांचा, मग जो तो त्यावरच मॉडेल चालवतो. आपल्या नाक्यावर दोन लेनमध्ये रिक्षा, बाईक, टीएमटी मिळून पाच रांगा, लेनमधला सेन्सर मोजणार काय कपाळ? आपल्याकडच्या लोकांचे मिक्स्ड ट्रॅफिकचे पेपर त्यामुळे नकाशात कडेला पडतात, तिथे झूम करून बघ. मला विचारशील तर तुझा चॅप्टर तिथे आहे.

ऐरोलीची_पोर
आयडी लावून परत चालवलं, गोळा फुटला, त्यातून सात-आठ माणसं निघाली. बुरशी पण गेली. आता सरांना कोण सांगणार, ते कालपासून चॅप्टर कुठवर आला विचारतायत.

पामबीच_काका
आधीचा आणि नंतरचा दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून दाखव, तोंडाने काही बोलू नकोस.