‘सीमांत’, ‘परिघावरचे’ की आणखी काही?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात वाचनालयातर्फे काही मराठी चित्रपट दाखवायचे ठरले आणि फलकावर मी ‘सीमांत समाजावरील स्वतंत्र चित्रपट’ असे लिहिले. ते वाचून एका वयस्क शेतकऱ्यांनी विचारले, ‘‘अडीच एकरवाल्याईचा पिच्चर हाय का जी?’’ मला समाजाने कडेला ठेवलेली माणसे म्हणायची होती; सीमांतऐवजी ‘परिघावरील’ लिहिले तर चालेल काय?

उत्तर : त्या शेतकऱ्यांचे काहीच चुकले नाही. एक हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच एकर जमीन असलेल्याला सरकारदरबारी ‘सीमांत शेतकरी’ म्हणतात आणि खेड्यात हा शब्द अनुदानाच्या अर्जावरूनच माहीत झालेला आहे. ‘स्वतंत्र’ या शब्दाचीही तीच अडचण. स्वतंत्र नाटक म्हटले की ते अनुवादित किंवा रूपांतरित नाही असे आपण समजतो; मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पैशाविना काढलेला चित्रपट हा अर्थ वाचकाला सांगावाच लागतो. फलकावर ‘कमी पैशांत, आपल्या मनाने काढलेले चित्रपट’ असे लिहिलेत तरी काही बिघडणार नाही.

राहिला ‘परीघ’. शाळेत तो वर्तुळाची कड म्हणून शिकवला जातो, परंतु संस्कृतात ‘परिघ’ म्हणजे दार आतून बंद करण्याचा अडसर. मराठीने हा अर्थ सोडला असला तरी या चर्चेत मला तोच अधिक खरा वाटतो, कारण गावाबाहेर राहणारा माणूस आपण होऊन कडेला गेलेला नसतो, दार आतून लावलेले असते. शिवाय परीघ म्हटला की मध्यबिंदू आला, आणि तो नेहमी बोलणाऱ्याच्या पायाखाली असतो. ‘गावकुसाबाहेरचे’ हा जुना शब्दही गावाकडूनच पाहतो, पण कूस कोणी घातले हे तो लपवत नाही.

पुरवणी : आपल्या भागात गावाबाहेरच्या वस्त्यांना नावे आहेत, ती का वापरू नयेत? पारध्यांचा बेडा, कोलामांचा पोड, बंजाऱ्यांचा तांडा, भटक्यांचे पाल. बेड्यावरचा माणूस स्वतःला ‘वंचित’ म्हणत नाही, ‘बेड्यावरचा’ म्हणतो. ‘विमुक्त’ या शब्दाला तर तारीखही आहे : 1871 पासूनच्या इंग्रजी कायद्यांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या 1952 मध्ये असा कायदा रद्द झाल्यावर विमुक्त ठरल्या. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (2013) हे नाव ठेवताना कैकाडी भाषेतील डुकराचा शब्द जसाच्या तसा घेतला. अर्थ विचारण्याचे काम प्रेक्षकावर सोडले.

प्रश्नकर्ता : सूचना पटली, मात्र एकाच फलकावर बेडा, पोड, तांडा सगळे मावत नाही. त्यामुळे ‘सीमांत’ आणि ‘स्वतंत्र’ दोन्ही पुसून ‘गावकुसाबाहेरच्या माणसांचे चित्रपट’ असे लिहिले आहे आणि खाली शुक्रवारच्या चित्रपटाचे नाव, ‘फँड्री’. सकाळपासून तीन जणांनी त्याचा अर्थ विचारला. मी अजून सांगितलेला नाही.