मदत हवी आहे: लेकीच्या जेनेटिक टेस्टचा मूळ डेटा ठेवावा की पुसू द्यावा?

नमस्कार. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. लेक सात वर्षांची. आठव्या महिन्यात तापात पहिली फिट आली आणि मग येतच राहिल्या. एक्झोम टेस्टमध्ये (सगळी जनुकं एकदम वाचणारी तपासणी) एससीएन१ए जनुकात बदल सापडला, निदान ड्रावे सिंड्रोम, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे होणारा फिट्सचा गंभीर आजार. आम्हा दोघांचंही रक्त तपासलं. बदल आमच्यात नाही, तिच्यातच नव्याने झालेला आहे. (‘कुणाकडून आलं’ हे घरात फार ऐकलंय, म्हणून आधीच लिहिते.)

आता लॅबची मेल आलीय. मूळ डेटा हवा असेल तर महिनाअखेरपर्यंत हार्ड डिस्क आणून द्या, नाहीतर पुसला जाईल.

रिपोर्ट जपण्यावरून आमच्यात वाद नाही. मे महिन्यात चुलत दिराच्या लग्नाला गावी गेलो होतो. हळदीच्या रात्री फिट आली ती थांबेचना. तालुक्याच्या दवाखान्यात ड्यूटीवरचे डॉक्टर फेनिटॉइन भरायला सांगत होते. मी पर्समधून रिपोर्टचं पहिलं पान काढून पुढे केलं. चार घड्या पडलेल्या, वर माझ्याच पिवळ्या बोटांचे ठसे. ‘सोडियम चॅनलवर काम करणारी औषधं टाळा’ असं आमच्या न्यूरोलॉजिस्टनी त्यावर लाल पेनाने लिहून सही केलेली आहे. फेनिटॉइन त्यातलंच, या आजारात त्याने फिट वाढू शकतात. डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि दुसरं औषध मागवलं. ते पान आता मी भाजीला जातानाही सोबत नेते.

मूळ डेटाचं मात्र वेगळं आहे. त्यात जवळपास वीस हजार जनुकांचं वाचन असतं. मोठेपणी होणाऱ्या आजारांचं काही दिसलं तर कळवायचं का, असं कौन्सेलर मॅडमनी टेस्टआधी विचारलं होतं. आम्ही नाही म्हटलं, ते तिचं तिने ठरवावं. पण डिस्क घरी आणली म्हणजे तेही सगळं घरी आलंच. शिवाय त्यात आमचा आणि धाकट्याचाही वाटा आहे.

नवरा ऐरोलीला आयटीत आहे. त्याचं म्हणणं, निदान झालंय, आता कशाला ठेवायचं? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी या जेनेटिक टेस्ट करणाऱ्या कंपनीकडून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगतो. मला पुसवत नाही. ‘अठरा वर्षांची झाली की ठरवेल’ असं आम्ही म्हणतो खरं, पण लेक आज दोन-तीन शब्दांचीच वाक्यं बोलते.

कुणी असा डेटा घेतलाय का? कुठे ठेवलात?

कळव्याची आई:
ताई, आम्ही घेतला. मुलाच्या पहिल्या रिपोर्टमध्ये काहीच निघालं नव्हतं. तीन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासायला दिला आणि कारण सापडलं, कारण मधल्या काळात त्या जनुकाबद्दल नवी माहिती आली होती. पुन्हा रक्त काढावं लागलं नाही. तुमचं निदान झालेलं आहे, त्यामुळे आमची गरज ती तुमची असेलच असं नाही. घेतलात तर फास्टक्यू (मशीनने वाचलेला कच्चा डेटा) आणि व्हीसीएफ (सापडलेल्या बदलांची यादी) या दोन्ही फाइल मागा. फास्टक्यू काही जीबीची असते, पण पुन्हा तपासायला तीच लागते.

खारघरकर:
वहिनी, डिस्क एन्क्रिप्ट करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, पासवर्ड वेगळ्या जागी. क्लाउडवर नको, फॅमिली ग्रुपवर तर नकोच. माझा भाचा बौद्धिक अपंग आहे, म्हणून एक सांगतो. मूल अठराचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. गरज पडली तर तो अर्ज वेळेत करा. तेव्हा या डेटाचा निर्णयही तुमच्याकडेच येईल, म्हणून डिस्कबरोबर एक चिठ्ठी ठेवा: काय घेतलं, का घेतलं, काय बघायचं नाही असं ठरवलं होतं.

धागाकर्ती:
दोघांनाही मनापासून धन्यवाद. लॉकरचं नवऱ्याला पटलं, शनिवारी डिस्क घेऊन जातोय. डेटा दिल्यावर तुमच्याकडची प्रत पुसल्याचं लेखी द्या, अशी मेल लॅबला केलीय. उत्तर आलं की इथेच टाकते. चिठ्ठी मात्र अजून लिहून होत नाहीये. काल रात्री दोन ओळी लिहिल्या आणि तिला जाग आली.