8 मिमीच्या तुकड्याचा फटीग रिझल्ट 50 मिमीच्या गर्डरला चालेल का?

प्रोजेक्ट_रखडला: नमस्कार मंडळी, एमटेकसाठी फटीग टेस्ट (पुन्हापुन्हा ताण देऊन तुकडा कधी तुटतो ते बघणं) करतोय. 8 मिमी प्लेटवर दोन्ही बाजूंनी आडव्या पट्ट्या फिलेट वेल्ड (कोपऱ्यातला तिरका वेल्ड) केल्या आणि मग बँडसॉवर 40 मिमी रुंद तुकडे कापले. रेंज (कमाल आणि किमान ताणातला फरक) 110 एमपीए, आर (किमान भागिले कमाल ताण) 0.1, 10 हर्ट्झ, म्हणजे 20 लाख सायकलला सव्वादोन दिवस मशीन अडकून. दोन तुकडे तुटलेच नाहीत! युरोकोडात (युरोपचा डिझाइन कोड) या डिटेलला 80 दिलंय, म्हणजे 20 लाख सायकलला 80 एमपीएची रेंज. सर म्हणतात 50 मिमी फ्लँजच्या (तुळईची वरची-खालची आडवी प्लेट) गर्डरला हेच लाव. कोड उगाच घाबरतोय का?

पूलवाला: अजिबात लावू नकोस. एक तर 80 ही सरासरी नाही, 95 टक्के नमुने टिकतील असा खालचा आकडा आहे, त्यामुळे दोन तुकडे वर गेले यात नवल नाही. दुसरं, आयएस 800:2007 (आपला स्टील डिझाइनचा कोड) चं कलम 13 उघड, जाडी t 25 मिमीच्या वर गेली की चालणाऱ्या रेंजला (25/t) च्या 0.25 घाताने गुणायचं. 50 ला 0.84 येतं, ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्लोप 3 धरला (आयुष्य रेंजच्या तिसऱ्या घातात बदलतं) की आयुष्य 60 टक्क्यांवर येतं. युरोकोडात घात 0.2 आहे, पण तो मुख्यतः आडव्या बट वेल्डला (प्लेटची टोकं जोडणारा वेल्ड).

तांदूळवाला: सोपं आहे रे, मूठभर तांदळात खडा निघेलच असं नाही, पोत्यात निघतोच. मोठा पीस म्हणजे जास्त वेल्ड, जास्त दोष.

पूलवाला: खड्याचं बरोबर, पण वेल्डमध्ये मुख्य भानगड भूमितीची. सगळंच प्रमाणात जाड केलं की टो (वेल्डची कड जिथे प्लेटला मिळते) जवळचा वाढीव ताण आत खोलवर पोचतो, मग अर्ध्या मिमीच्या क्रॅकला पातळ प्लेटमध्ये जरा आत गेलं की ताण कमी मिळतो, जाडीत तो बराच वेळ चढाच राहतो, म्हणून भराभर वाढतो.

प्रोजेक्ट_रखडला: पण माझ्या गर्डरला स्टिफनर (आधाराची आडवी पट्टी) 12 मिमीचाच आहे, फक्त फ्लँज जाड?

पूलवाला: मग फरक कमी पडेल, जाडीइतकाच टो ते टो अंतराचाही (पट्टी आणि दोन्ही वेल्ड मिळून लांबी) हात असतो त्यात.

वेल्डशॉप_काका: अरे बाळा, बँडसॉने कापलंस तिथेच निम्मं घोडं मेलं. गर्डरमध्ये वेल्डचे ताण यील्डच्या (स्टील कायमचं वाकायला लागतं तो ताण) आसपास अडकून बसलेले असतात, तुकडा कापला की सुटतात, मग आर 0.1 ला तो मस्त पळतो. पुढचे नमुने आर 0.5 वर लाव, रेंज तीच ठेव, बघ किती टिकतात ते.

प्रोजेक्ट_रखडला: काका, मशीन परत सोमवारी मिळतंय, लावतो.