मदत हवी आहे: गॅल्व्हस्टनहून क्रूझ, सोबत तीन टीनएजर. मुलांना मोकळीक किती द्यावी?

रानजाई

नमस्कार मंडळी,

जूनच्या सुरुवातीला आम्ही टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून कार्निव्हल जुबिली या जहाजाने सात दिवसांच्या क्रूझला जातोय. वाटेत मेक्सिकोतली कोझुमेल आणि कोस्टा माया, आणि होंडुरासचं रोआतान. आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी १५ वर्षांची, मुलगा १३ चा, आणि ठाण्याहून सुट्टीला आलेली माझी भाची (नणंदेची मुलगी), ती १६ ची. तिचे आईबाबा येणार नाहीत. नणंदेने विश्वासाने मुलगी पाठवली आहे, त्यामुळे तिची जबाबदारी जास्तच वाटते.

घरात सध्या तीन मतं आहेत. नवऱ्याचं म्हणणं, भर समुद्रात पोरं जाणार कुठे, सोडून दे. सासूबाईंचं म्हणणं, जेवण सगळ्यांनी एकत्र आणि साडेनऊला आपापल्या केबिनमध्ये. मुलींना रात्री एकपर्यंत बाहेर राहायचंय, कारण १७ आणि त्याखालच्या मुलांसाठी जहाजाची स्वतःची वेळमर्यादाच रात्री १ ची आहे.

मला मुलींना मोकळीक द्यायची आहे, अगदी मनापासून. आम्ही ह्यूस्टनच्या उपनगरात राहतो. इथे दुधाची पिशवी आणायलासुद्धा गाडी लागते. माझी मुलगी पंधरा वर्षांची झाली तरी एकटी कुठे चालत गेलेली नाही, कारण चालत जाण्यासारखं काही नाहीच. उलट भाची ठाण्यात रिक्षाने, बसने क्लासला एकटी जाते, रात्री नऊला परत येते, सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालते. इथे आल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीसाठी मामाला "सोडशील का" विचारावं लागतं आणि ती मनातून खट्टू होते, हे मला दिसतं. जहाजावर तिघांना आपल्या पायांनी हिंडता येईल, काय खायचं, कुठे बसायचं ते स्वतः ठरवता येईल. ते त्यांना मिळावं असं मला वाटतं.

पण जहाजावर पाच हजारांहून जास्त अनोळखी माणसं असतात, जागोजागी बार असतात. शिवाय जहाजावर मुलांचे क्लब असतात, त्यात १२ ते १४ चा क्लब वेगळा आणि १५ ते १७ चा वेगळा. म्हणजे मुली एकत्र आणि मुलगा एकटा पडणार. तो आधीच बुजरा आहे.

ज्यांनी या वयाच्या मुलांना घेऊन क्रूझ केली आहे, किंवा जहाजावर काम केलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नियम काय घातले, संपर्क कसा ठेवलात, बंदरावर उतरल्यावर काय? "एन्जॉय करा, काही होत नाही" असे प्रतिसाद घरातच भरपूर मिळाले आहेत.

दर्यावर्दी

रानजाई, मी म्हापशाचा. क्रूझवर हॉटेल विभागात बरीच वर्षं नोकरी केली, आता किनाऱ्यावर असतो. आमच्याकडे घराआड कुणीतरी बोटीवर असतोच, त्यामुळे आतून जे पाहिलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, टीन क्लब म्हणजे पाळणाघर नव्हे. लहान मुलांना तिथे आईवडील सही करून सोडतात आणि सही करून नेतात. टीन क्लबमध्ये मुलं हवी तेव्हा येतात, हवी तेव्हा जातात. तिथला स्टाफ खेळ घेतो, गाणी लावतो, आत कोण आहे यावर लक्ष ठेवतो. बाहेर पडलेला मुलगा कुठे गेला हे त्याला माहीत नसतं आणि ते त्याचं कामही नाही. पालक गृहीत धरतात की पोरं क्लबमध्ये म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली. तसं नसतं.

दुसरी गोष्ट केबिनची. सार्वजनिक जागांमध्ये कॅमेरे असतात, कर्मचारी असतात, गर्दी असते. केबिनचं दार बंद झालं की यातलं काहीच नाही. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर क्रूझवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी दर तिमाहीला येते आणि तिथे सर्वाधिक नोंदी लैंगिक अत्याचाराच्या असतात. घाबरवायला सांगत नाही. पण मुलींना आणि मुलालाही एकच नियम घालायचा असेल तर हा घाला: दुसऱ्या कुणाच्या केबिनमध्ये जायचं नाही आणि आपल्या केबिनमध्ये कुणाला आणायचं नाही. नवा मित्र कितीही चांगला असो, चार जण मिळून जाणार असोत, "फक्त चार्जर घ्यायला" असो. कर्मचाऱ्यांनाही पाहुण्यांशी जवळीक करायला सक्त मनाई असते, नोकरी जाते. एखादा कर्मचारी कामापलीकडे सलगी दाखवतोय, नंबर मागतोय, कर्मचाऱ्यांच्या भागात चल म्हणतोय, तर मुलीने संकोच न करता येऊन सांगावं. तुम्ही लगेच जहाजाच्या सिक्युरिटीकडे जा. २०१० च्या अमेरिकी कायद्याने केबिनच्या दाराला बाहेरचं दिसेल असं भिंग आणि कठड्याला किमान ४२ इंच उंची सक्तीची केली आहे. भिंगातून बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी करून दाखवा.

तिसरी गोष्ट मस्टर स्टेशनची, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागेची. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझ जहाज कलंडलं, त्या दुर्घटनेनंतर नियम कडक झाला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच सगळ्यांचा सराव व्हायलाच हवा. आता पुष्कळदा टीव्हीवर व्हिडिओ बघून आपल्या जागी जाऊन जहाजाचं कार्ड (केबिनची किल्लीही तेच) स्कॅन केलं की झालं, म्हणून लोक ते उरकून टाकतात. तुम्ही तिघांना तिथपर्यंत दोन वेगवेगळ्या जिन्यांनी चालवत न्या. आणि घोकून घ्या: भोंगा वाजला की केबिनकडे पळायचं नाही, आईला शोधत फिरायचं नाही, लिफ्ट घ्यायची नाही, थेट मस्टर स्टेशनला यायचं. पोरं आईला शोधतात, आई पोरांना शोधते, आणि जिन्यात उलटसुलट गर्दी होते.

केबिनची दारं पोलादी असतात. दोनशे फूट लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, रात्री बाराला झोपेत मूल भलत्याच दारावर कार्ड लावत बसतं. घरून फ्रिजवरचं एक चुंबक आणा आणि दारावर लावा. आम्ही साफसफाई करताना त्यावरून पाहुणे ओळखायचो.

गवतफूल

दर्यावर्दी यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे.

रानजाई, आम्ही न्यू जर्सीहून मुलांना घेऊन जातो, माझी आता १४ आणि १७ ची आहेत. संपर्काबद्दल लिहिते. जहाजावर चढल्याबरोबर मुलांना फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावा. किनारा मागे पडला की फोन जहाजाचं सेल्युलर नेटवर्क पकडतो आणि ते नेहमीच्या प्लॅनमध्ये सहसा नसतं, बिल पाहून डोळे फिरतात. जहाजाच्या ॲपमध्ये आपापसात चॅटची सोय असते, थोडे पैसे पडतात, ते भरा. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. पोरं फोन लॉकरमध्ये ठेवून पोहायला जातात, बॅटरी संपते, मेसेज उशिरा पोचतो. मग आपण जहाजभर धावतो.

आम्ही ठरलेल्या वेळा ठेवल्या. दुपारी एक जण, कुणीही, केबिनमधल्या कागदावर लिहून जातो: कुठे, कुणाबरोबर, किती वाजता परत. संध्याकाळचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र, त्याला सुट्टी नाही. तुमच्या सासूबाईंचं ते म्हणणं मला एकदम पटलं. त्या टेबलावर दिवसभराचं सगळं आपोआप बाहेर येतं. कोण भेटलं, कोण आगाऊ आहे, कोणत्या मुलीशी जमलं. प्रश्न विचारावे लागत नाहीत. जेवणानंतर मुलांची पुन्हा सुटका.

रात्रीचं म्हणाल तर पहिल्या रात्री अकरा, आणि तिघं वेळेवर आली तर पुढे वाढवत न्या. वेळ वाढणं त्यांच्या हातात आहे हे कळलं की मुलं घड्याळ बघतात. आणि आल्यावर आमच्या दारावर टकटक करून तोंड दाखवून जायचं, आम्ही झोपलेले असलो तरी.

पैशाचं लक्षात ठेवा. कार्डावरून सगळी खरेदी होते, त्यामुळे खर्च होतोय हे मुलांना जाणवत नाही. गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन तिन्ही कार्डांना मर्यादा घालून घ्या, विशेषतः व्हिडिओ गेमच्या आर्केडसाठी. दारूचं वय अमेरिकेहून सुटणाऱ्या जहाजांवर २१ आहे आणि कार्डावर वय असतंच. धोका आहे तो ओळखीच्या मोठ्या मुलाने आणून दिलेल्या ग्लासचा. आपला ग्लास आपणच घ्यायचा, ठेवून गेलात तर परत त्यातलं प्यायचं नाही. हे भाचीला तुम्ही स्वतः सांगा, नणंदेवर सोडू नका.

खाडीकाठ

बंदरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जूनमध्ये गॅल्व्हस्टन, कोझुमेल आणि कोस्टा माया यांची वेळ एकच असते, पण होंडुरास उन्हाळी वेळ पाळत नाही. रोआतानची घड्याळं गॅल्व्हस्टनच्या एक तास मागे असतात. मुलांच्या फोनने किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडलं की तो आपलाआपण स्थानिक वेळ दाखवतो. फोनवर तीन, आणि जहाजाची वेळ गॅल्व्हस्टनचीच असली तर जहाजावर चार. जहाज थांबत नाही. जहाज कोणत्या वेळेवर चाललंय ते रोजच्या पत्रकात असतं. मुलांना साधी मनगटी घड्याळं द्या आणि ती जहाजाच्या वेळेला लावा.

किनाऱ्यावर मुलांना एकटं सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोकळीक जहाजावर, उतरल्यावर सगळे बरोबर. मेक्सिकोत दारूचं वय १८ आहे आणि कोझुमेलच्या धक्क्याजवळच बारांची रांग आहे. भाड्याच्या स्कूटर तर अजिबात नकोत, मोठ्यांनीही.

भाचीच्या कागदपत्रांचं आत्ताच बघा. तिच्या आईबाबांचं नोटरी केलेलं संमतिपत्र हवं. प्रवासाच्या तारखा, तुमची नावं, आणि गरज पडल्यास तिच्या औषधोपचाराला तुम्ही संमती देऊ शकता हे वाक्य त्यात नक्की असू दे. तिच्या भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात क्रूझ धरली आहे का ते विचारा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आधी तुमच्या खात्यावर चढतं, विमा कंपनीकडून नंतर वसूल करावं लागतं. आणि तिचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना? तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत येणार आहात. तिचा आय-९४ (अमेरिकेत राहायची मुदत दाखवणारी प्रवेशाची नोंद) किती तारखेपर्यंत आहे तेही पाहा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणाच्या टेबलावर जहाजाचा नकाशा पसरून तिघांना घेऊन बसले. केबिनचा नियम सांगितल्यावर माझी मुलगी फुरंगटली, "म्हणजे तुझा आमच्यावर विश्वास नाही." मी काही बोलायच्या आधी भाचीच म्हणाली, "अगं, क्लासच्या मुलांच्या घरी कुणी मोठं नसेल तर आईपण मला जाऊ देत नाही." विषय तिथेच संपला. सासूबाईंना जेवणाची वेळ पक्की झाली हे ऐकून बरं वाटलं. अकराचं त्यांनीही मान्य केलंय, टकटक मात्र त्यांच्या दारावर व्हायला हवी म्हणाल्या. व्हिसा दहा वर्षांचा, अनेक प्रवेशांचा आहे आणि आय-९४ ची तारीख पुरेशी पुढे आहे. संमतिपत्राचा मसुदा नणंदेला पाठवला.

मुलाचं मात्र अजून सुटलेलं नाही. तो म्हणतो, "ताई लोक मला घेणार नाहीत, मी तुमच्याबरोबरच फिरेन." मुलींवर त्याला सांभाळायची सक्ती करावी का? मला ते दोघींवर अन्याय वाटतो, आणि त्याच्यावरही.

गवतफूल

सक्ती नको. ताईच्या मागे लावलेला भाऊ दोघांनाही नकोसा होतो.

पहिल्याच संध्याकाळी त्याला क्लबमध्ये न्या, हे महत्त्वाचं. मुलांचे गट पहिल्या रात्री जमतात, तिसऱ्या दिवशी जाणाऱ्याला आत शिरायला जड जातं. माझा धाकटाही बुजराच. तो "पंधरा मिनिटंच थांबेन" या बोलीवर गेला होता. मी बाहेर बाकावर बसून राहिले आणि त्याला ते माहीत होतं. तिथे पिंगपाँगचं टेबल होतं, त्यावर त्याचं जमलं.

आणि नाहीच रमला तर त्याला एकट्याने करण्यासारखी छोटी कामं द्या. आजीला सकाळी चहाच्या जागी घेऊन जाणं, दुपारी पिझ्झा आणणं, रात्रीच्या खेळांच्या वेळा बघून सांगणं. १३ व्या वर्षी क्लब न आवडणं म्हणजे बिघाड नव्हे.

दर्यावर्दी

गवतफूल यांच्याशी सहमत. एक भर घालतो. चढल्यावर त्याला गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर घेऊन जा आणि जहाजाचा नकाशा त्यालाच मागू द्या. काही अडलं, रस्ता चुकला, कुणी त्रास दिला तर यायची जागा हीच, दिवसा किंवा रात्री, हे तिथे उभं राहून सांगा. मुलींनाही न्या. केबिन नंबरातून डेक (जहाजाचा मजला) कसा ओळखायचा तेही तिथेच शिकवा. आणि त्याची केबिन बाल्कनीची असेल तर कठड्यावर किंवा खुर्चीवर चढायचं नाही, फोटोसाठीही नाही, हे वेगळं बजावा. १३ ची मुलं तिथेच धाडस करतात.

रानजाई

बाल्कनी आमच्या आणि सासूबाईंच्या केबिनला आहे, तो सासूबाईंबरोबर झोपेल. मुलींची आतली केबिन बोळात समोरच मिळाली आहे. बाल्कनीचं आज दोघांनाही सांगते, सासूबाईंनासुद्धा. पिंगपाँगचं ऐकून चिरंजीवांनी रॅकेट बरोबर न्यायची का असं विचारलंय.