मदत हवी आहे: म्युनिकहून वीकेंडला दोघी, प्राग की व्हिएन्ना? (तातडीने)

सांजवेळ
नमस्कार मंडळी. ३ ऑक्टोबरला शुक्रवारी इथे सुट्टी आहे, म्हणजे शुक्र-शनि-रवि सलग मिळतायत. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण बऱ्याच वर्षांनी भेटणार आहोत. प्राग की व्हिएन्ना, हे काही केल्या ठरत नाहीये. फोटो बघून बघून डोकं पिकलंय. तिकिटं रोज महागतायत, त्यामुळे आज-उद्या बुक करायचंच आहे. जुने धागे चाळले, सगळे फॅमिली टूरचे आहेत. 'दोन्ही छान आहेत' असं कृपया लिहू नका, एक काहीतरी सांगा.

भटकभवानी
प्राग. प्रश्नच नाही. म्युनिकहून थेट गाडी आहे, रेगेन्सबुर्ग-पिल्सेनवरून, सहा तासांच्या आसपास लागतात. बसही आहे आणि ती सहसा स्वस्त पडते. गाव पायी फिरण्यासारखं, खाणं-राहणं व्हिएन्नापेक्षा स्वस्त. चार्ल्स ब्रिजवर सकाळी सातच्या आत जा, नऊनंतर नुसती डोकी दिसतात. आणि पासपोर्ट घरी ठेवून निघू नकोस, परतताना जर्मनीच्या हद्दीवर पोलिस डब्यात चढून बघतात.

अण्णा_नूर्नबर्ग
व्हिएन्ना. रेलजेटने, म्हणजे वेगवान गाडीने, चार तास. प्रागला जाऊन-येऊन बारा तास गाडीतच जाणार, तीन दिवसांत ते परवडत नाही. शिवाय ऑक्टोबरात पाऊस लागला तर व्हिएन्नाला संग्रहालयं आहेत, प्रागला पुलावर भिजत उभं राहायचं का?

भटकभवानी
अण्णा, प्रागलाही संग्रहालयं आहेत हो. तुम्ही गेला होतात तेव्हा बंद असतील.

टवाळखोर
दोन्ही सोडा. म्युनिकचा बिअरचा मेळा, ऑक्टोबरफेस्ट, ५ तारखेपर्यंत आहे, जग म्युनिकला येतंय आणि ह्या म्युनिकहून पळतायत. मैत्रिणीलाच बोलवा की तिकडे.

सांजवेळ
टवाळखोर, ती पीत नाही, आणि त्या दिवसांत इथली गर्दी मला स्वतःलाच नको आहे. म्हणून तर बाहेर जायचंय.

कोल्हापुरी_तडका
आम्ही मे महिन्यात स्वित्झर्लंड केलं, सासू-सासरे आणि दोन मुलं. स्विस ट्रॅव्हल पास घ्या, रेल्वे-बस-बोट सगळं त्यात येतं आणि टिटलिसला निम्मी सूट मिळते. थालीपीठाची भाजणी बरोबर न्या, बाहेर खाणं फार महाग आहे. किचन असलेलं अपार्टमेंटच बघा. पूर्ण प्लॅन हवा असेल तर टाकते.

मधुमालती
सांजवेळ, बजेट किती? खाण्याचं काय? मैत्रीण कुठून येणार? तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाहीये आणि लोक भांडायलाही लागले.

सांजवेळ
बजेट दोघींचं मिळून साधारण ५०० युरो, कमी झालं तर उत्तम. मी सगळं खाते. ती शाकाहारी, अंडंही चालत नाही. ती विमानाने येईल, तिचं तिकीट ती बघेल. माझा प्रश्न फक्त शहराचा आहे.

भटकभवानी
शाकाहारी म्हणजे तर प्रागच! गोविंदा आहे, इस्कॉनवाल्यांचं. लेह्का ह्लावा नावाचं शाकाहारी हॉटेलही फार छान आहे, फक्त आधी टेबल राखून ठेवा.

मधुमालती
विमानाने, पण कुठून?

सांजवेळ
डब्लिन. मास्टर्स करतेय तिकडे. त्याने काय फरक पडतो?

लिफीकाठी
फरक पडतो. भारतीय पासपोर्ट ना? मग शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, आहे का तिच्याकडे?

सांजवेळ
आयर्लंड ईयूमध्येच (युरोपियन युनियन) आहे की. युरो चालतो तिकडे. तिच्याकडे तिथलं रेसिडेन्स कार्ड आहे, माझ्याकडे इथलं आहे तसंच.

लिफीकाठी
तसंच नाही. आयर्लंड ईयूमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. त्यांचा यूकेबरोबर कॉमन ट्रॅव्हल एरिया आहे, म्हणजे मोकळ्या ये-जाचा करार, त्यामुळे ते शेंगेनबाहेर राहिले. उलट स्वित्झर्लंड ईयूत नाही पण शेंगेनमध्ये आहे. तुझ्या जर्मन कार्डावर तू प्राग, व्हिएन्ना, रोम कुठेही जाशील. तिच्या आयआरपी (आयरिश रेसिडेन्स) कार्डावर तिला आयर्लंडमध्ये राहता येतं आणि परत येताना वेगळा री-एन्ट्री व्हिसा लागत नाही, एवढंच. प्रागला जायला तिला शेंगेन व्हिसा लागणारच. मी डब्लिनला राहतो, दर सुट्टीच्या आधी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

विमाननगर_टु_विम्बल्डन
असं काही नाही. माझा एक मित्र डब्लिनहून बार्सिलोनाला जाऊन आला, कोणी काही विचारलं नाही.

लिफीकाठी
त्याचा पासपोर्ट कुठला?

विमाननगर_टु_विम्बल्डन
मागच्या वर्षी आयरिश झाला.

लिफीकाठी
धन्यवाद.

टवाळखोर
😂

अण्णा_नूर्नबर्ग
मग व्हिएन्नासाठी व्हिसा काढा. अजून तीन आठवडे आहेत.

मधुमालती
अण्णा, अर्ज दिल्यावर निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस, तेही अपॉइंटमेंट मिळाल्यानंतर. अर्ज डब्लिनमधूनच करायचा, जिथे मुख्य मुक्काम त्या देशाच्या वकिलातीत. फी ९० युरो, ३०,००० युरोचं विमा कवच, बँकेचे कागद, हॉटेलचं बुकिंग. विद्यार्थिनीच्या बजेटमधून ९० युरो तिथेच गेले, आणि व्हिसा वेळेत आला नाही तर विमानाचे पैसे वेगळे. ऐन वेळेला हा जुगार मी तरी खेळणार नाही.

विमाननगर_टु_विम्बल्डन
मग तुम्हीच जा ना डब्लिनला. किंवा दोघी बेलफास्टला भेटा, तिकडून बसने दोन-अडीच तासांवर आहे.

लिफीकाठी
बेलफास्ट यूकेमध्ये आहे. रस्त्यात चौकी नाही म्हणून व्हिसा लागत नाही असं होत नाही. मैत्रिणीला यूकेचा व्हिसा लागेल, सांजवेळला यूकेचाही आणि डब्लिनला यायचं तर आयर्लंडचाही. तुम्ही जो पर्याय सुचवताय त्यात एका मुलीऐवजी दोघी अडकतायत.

सांजवेळ
अरे देवा. तिला आत्ता फोन केला. ती म्हणते वर्गातल्या मुली पॅरिसला जाऊन आल्या. त्यांनी व्हिसा काढला होता का ते तिने विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तर हो, दोन महिने आधी. मग आता? सुट्टी टाकून झालीये तिची.

टवाळखोर
तशीच येऊ द्या, बोर्डिंगला कोण बघतंय.

लिफीकाठी
विमान कंपनी बघते. कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड आणि परत आणायचा खर्च त्यांच्यावर पडतो. इथून उडणाऱ्या स्वस्त कंपन्या तर ईयूबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना आधी काउंटरवर जाऊन कागद तपासून घ्यायला लावतात, नाहीतर गेटवरून परत. असले सल्ले देऊ नका हो, पोरगी नवीन आहे.

मधुमालती
शहर नंतर ठरवा. आधी हे बघा की जर्मन कार्ड आणि आयरिश कार्ड, दोन्ही चालतील असं ठिकाण कोणतं. मला दोन माहीत आहेत. एक सर्बिया: शेंगेन, ईयू, यूके किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा अथवा रेसिडेन्स असेल तर भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. दुसरं तुर्की: शेंगेन, यूके, अमेरिका किंवा आयर्लंडचा व्हिसा किंवा रेसिडेन्स असेल तर ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, ३० दिवसांचा. आधाराला दाखवायचं कार्ड किंवा व्हिसा मात्र खरंखुरं हवं, दुसऱ्या देशाचा ई-व्हिसा आधार म्हणून चालत नाही. तुमची दोघींची कार्डं प्लॅस्टिकची आहेत ना?

सांजवेळ
हो, दोन्ही प्लॅस्टिकची. माझं २०२७ पर्यंत, तिचं जानेवारीपर्यंत. इस्तंबूल!! हे डोक्यातच नव्हतं.

भटकभवानी
सर्बियाची राजधानी बेलग्रेड करा मग. कालेमेग्दान किल्ल्यावरून सावा आणि डॅन्यूबचा संगम दिसतो, संध्याकाळी तिथे नुसतं बसायचं. २०२५ च्या जानेवारीपासून गावातल्या बस-ट्राम सगळ्यांना फुकट आहेत. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाचं संग्रहालय आहे, छोटंसं पण बघण्यासारखं. खिसाही कमी हलका होतो.

लिफीकाठी
बेलग्रेडला शाकाहारी माणसाचे हाल होतात. सगळीकडे भाजलेलं मांस. प्रेब्रानाट्स म्हणून घेवड्याचा भाजलेला प्रकार मिळतो तो चांगला असतो, पण तीन दिवस तोच खायचा का? शिवाय तिला मध्ये विमान बदलावं लागेल. दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात म्हणून काढली आणि फ्रँकफर्टला किंवा व्हिएन्नाला सामान घ्यायला बाहेर पडावं लागलं, की परत शेंगेन व्हिसा. इस्तंबूलला डब्लिनहून थेट विमान आहे.

सह्याद्रीपुत्र
तुर्कीला? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली, विसरलात का? पुण्यात मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं, लोकांनी ट्रिपा रद्द केल्या, आणि इथे शिकलीसवरलेली मंडळी इस्तंबूल सुचवतायत. पैसा कुठे खर्च करतो याचा थोडा विचार करावा.

टवाळखोर
घ्या. आता धागा २०० प्रतिसादांवर जाणार.

विमाननगर_टु_विम्बल्डन
सह्याद्रीपुत्र, ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या घरात तुर्कीची एकही वस्तू नाही हे तुम्ही तपासून बघितलंय का?

सह्याद्रीपुत्र
विषय भरकटवू नका. सफरचंदं नाहीत एवढं नक्की सांगतो.

कोल्हापुरी_तडका
म्हणूनच म्हणते, स्वित्झर्लंड करा.

लिफीकाठी
ताई, स्वित्झर्लंडलाही तोच शेंगेन व्हिसा लागतो. वर लिहिलंय.

सांजवेळ
कृपया राजकारण दुसऱ्या धाग्यावर. मला रविवारच्या आत बुक करायचंय. मैत्रिणीने दोन विमानं बघितली, मी माझी बघितली. माझं शुक्रवारी सकाळी, सबिहा ग्योकचेनला उतरतं, ते बरंच स्वस्त आहे. तिचं शुक्रवारी दुपारी, 'इस्तंबूल एअरपोर्ट' लिहिलंय. मी तिथेच तासभर थांबून तिला घेते, असं ठरलंय.

मधुमालती
थांबा, बुक करू नका! ही दोन वेगळी विमानतळं आहेत. सबिहा ग्योकचेन आशियाच्या बाजूला, इस्तंबूल एअरपोर्ट, म्हणजे नवं विमानतळ, युरोपच्या बाजूला, मध्ये अख्खं शहर आणि बॉस्फरस. एकीकडून दुसरीकडे जायला रहदारीत दोन तासही जातात. एक तर दोघी एकाच विमानतळावर उतरा, नाहीतर सरळ हॉटेलवर भेटा. सबिहाहून एम-४ मेट्रोने कादिकोयपर्यंत येता येतं. तिला नव्या विमानतळावरून एम-११ मेट्रो किंवा हावाइस्ट बस.

सांजवेळ
बरं झालं लिहिलंत. मग राहायचं कुठल्या बाजूला?

लिफीकाठी
मी काराकोय म्हणेन. गलाता पूल ओलांडला की एमिनोन्यू, तिथून ट्राम. सुलतानअहमेतला हॉटेलं पुष्कळ, पण रात्री तिथे जेवायच्या जागा पर्यटकांच्या भावाच्या.

अण्णा_नूर्नबर्ग
आम्ही सुलतानअहमेतलाच राहिलो होतो, उत्तम होतं. सकाळी उठून चालत आयासोफ्या.

लिफीकाठी
आयासोफ्याला आता परदेशी पर्यटकांना २५ युरो पडतात आणि वरच्या सज्जातच सोडतात, खाली नमाज असते. तुमच्या वेळचं संग्रहालय २०२० मध्ये परत मशीद झालं. ५०० च्या बजेटमध्ये दोघींचे ५० म्हणजे विचार करावा लागेल. समोरची निळी मशीद फुकट आहे. शुक्रवारी मात्र दुपारची मोठी नमाज होईपर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत, ती शनिवारी करा. झाकलेला बाजार, कपालीचार्शी, रविवारी बंद असतो. तोही शनिवारीच. रविवार बोटीला ठेवा: इस्तंबूलकार्ट (बस-मेट्रो-बोटीचं कार्ड) घ्यायचं आणि एमिनोन्यूहून कादिकोयची साधी फेरी बोट पकडायची. टूरवाल्यांच्या क्रूझला जे दिसतं त्यातलं बरंचसं त्या तिकिटात दिसतं, वर चहा मिळतो.

मधुमालती
खाण्याचं: सिमित (तीळ लावलेला गोल पाव), पालक-चीजचं ग्योझलेमे (भरलेली पोळी), भरलेला बटाटा म्हणजे कुम्पिर, ओर्ताकोयला छान मिळतो. 'चि कोफ्ते' नावाला घाबरू नका, दुकानांत मिळतं ते दलियाचं असतं, मांस नसतं. मसूरचं सूप, मेर्जिमेक, सगळीकडे असतं पण काही ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजवतात, विचारूनच घ्या. न्याहारीच्या ताटात अंडं असतंच, आधी सांगून ठेवा. आणि ई-व्हिसा फक्त सरकारी साईटवरून, इव्हिसा डॉट गव्ह डॉट टीआर. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साईट्स आहेत, त्या वरचे पैसे लावतात.

सांजवेळ
झालं! ती आणि मी दोघी नव्या विमानतळावर, माझं तिकीट थोडं महाग पडलं पण चालेल. ई-व्हिसा दोघींचे आले, काही मिनिटांत. काराकोयला खोली घेतली. तिच्या आईला अजून 'युरोपात कुठेतरी' एवढंच सांगितलंय. मधुमालती आणि लिफीकाठी, मनापासून आभार.

भटकभवानी
चला. प्राग राहिलं ते राहिलंच.

स्टुटगार्टची_सून
धागा वाचून उपयोग झाला. माझा एक प्रश्न. सासूबाई सध्या आमच्याकडे व्हिजिटर शेंगेनवर आल्या आहेत. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन इस्तंबूलला जाऊ शकतो का? शेंगेनवर ई-व्हिसा मिळतो असं वर लिहिलंय.

लिफीकाठी
ई-व्हिसा मिळेल. पण त्यांच्या शेंगेन स्टिकरवर 'नंबर ऑफ एन्ट्रीज'पुढे काय छापलंय ते आधी बघा. ०१ असेल तर तुर्कीला गेल्या की तो व्हिसा संपला. परत जर्मनीत येता येणार नाही, इस्तंबूलहून थेट मुंबईचं विमान धरावं लागेल.

स्टुटगार्टची_सून
०१ आहे.

मधुमालती
मग त्यांचं परतीचं तिकीट कधीचं आहे आणि कुठून?