हॉस्टेलची खोली की गावचं घर: मत कुठे टाकायचं?

मुद्देसूद
दर २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, कॉलेजांत शपथ होते, सेल्फी पॉइंट सजतो. मतदानाच्या दिवशी तीच मुलं मेसमध्ये गप्पा मारत बसलेली असतात. त्यांना उदासीन म्हणून मोकळं होणं सोपं आहे. गडचिरोलीची मुलगी पुण्यात शिकत असेल, तर २०२४ च्या लोकसभेला तिचं मतदान १९ एप्रिलला होतं. नागपूरपर्यंत रात्रभर रेल्वे, पुढे एसटी. जाऊन येऊन तीन दिवस गेले. पुण्याचं मतदान १३ मेला, केंद्र हॉस्टेलपासून चालत. म्हणून माझं मत: प्रवेश घेतला की लगेच नाव शहराच्या यादीत आणावं. कायदा आड येत नाही. विद्यार्थ्याला घरचा किंवा शिक्षणाच्या जागेचा, कोणताही एक पत्ता निवडता येतो.

बांधावरून
नाव हलवलं की काय हातचं जातं, तेही सांगा की. ग्रामसभेचा सदस्य कोण? गावच्या यादीतला मतदार. नाव पुण्यात गेलं की ग्रामसभेत हात वर करायचा अधिकार संपला. तुम्ही नेमकं गडचिरोलीचंच उदाहरण घेतलंत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या पट्ट्यात बांबू आणि तेंदूपत्त्याचा सौदा ग्रामसभा ठरवते. तिथला एक हात पुण्याच्या एका मतापेक्षा कैक पट जड आहे. शिवाय २१ व्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहायचं, तर नाव त्याच गावच्या यादीत लागतं.

मुद्देसूद
मान्य, पण तो हात वर करायला माणूस तिथे हजर हवा ना? ग्रामसभा बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. पुण्यातली मुलं त्यातल्या किती गाठतात?

बांधावरून
१ मे सुट्टीतच येतो. आणि नसलेल्यांमुळे काय होतं ते बघा. सर्वसाधारण गावात गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ती भरली नाही की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग सरपंच, ग्रामसेवक आणि चार डोकी मिळून ठराव होतात. आहे तेही नाव काढून घ्या म्हणजे रान मोकळं.

पेठेतला
मला उलट बाजूने हरकत आहे. तीन वर्षांत निघून जाणाऱ्यांनी आमचा नगरसेवक का ठरवावा? जाताना नाव कुणी काढत नाही. हॉस्टेलच्या एका पत्त्यावर जुन्या बॅचची नावं साठत जातात, आणि नंतर बोगस मतदानाची बोंब आम्हीच ऐकायची.

यादीवाचक
@पेठेतला, नावं साठतात हे खरं, त्यावर उपाय नमुना ७, म्हणजे नाव वगळायचा अर्ज आहे, हरकत घ्या. पण बस, पाणी, रस्त्यावरचे दिवे तीन वर्षं वापरणाऱ्याला मत नको, हा न्याय भाडेकरूंनाही लावणार का?

आता या वादात दोघांनी वगळलेली गोष्ट. बहुतेक अर्ज हेतूमुळे नव्हे, चुकीच्या नमुन्यामुळे अडकतात. गावाला नाव असताना नमुना ६ भरायचा नाही. तो पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे; त्यात 'अन्यत्र नाव नाही' असं लिहून दिलेलं असतं आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव हलवायचं तर नमुना ८, त्यात निवास बदलल्याचा पर्याय. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो.

दुसरी ठेच पडताळणीची. बीएलओ (यादीची घरोघर पडताळणी करणारा केंद्रस्तरीय अधिकारी) दुपारी येतो, मुलं वर्गात, गेटवरचा माणूस म्हणतो 'या नावाचं कुणी माहीत नाही'. शेरा पडतो: पत्त्यावर आढळले नाही. म्हणून पत्त्यात इमारत आणि खोली क्रमांक लिहा, कॉलेजप्रमुखांच्या सहीचा दाखला जोडा आणि वॉर्डनच्या कानावर घालून ठेवा.

नोटाबहाद्दर
एवढा खटाटोप करून बटण कोणाचं दाबायचं? सगळे एकाच माळेचे मणी.

यादीवाचक
महाराष्ट्रात पालिका-पंचायतींत नोटाला थोडे दात आहेत. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. तिथेही नोटाच पुढे राहिला, तर मात्र त्याच्या खालचा उमेदवार विजयी. लोकसभा-विधानसभेत तेवढंही नाही. पण त्यासाठीही यादीत नाव लागतंच, बहाद्दर.

मुद्देसूद
आणि कॉलेजांना कोण विचारणार? २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आहे. ती घ्यायला कचरणाऱ्यांनी मुलांना लोकशाहीची शपथ द्यायची, हे अजबच.

बांधावरून
इथे मात्र +१. पण नाव हलवण्याबद्दल माझं मत तेच. पदवीनंतर गावी परतायचं असेल तर हलवू नका; शहरातच राहायचं नक्की असेल तर खुशाल हलवा.

नवमतदार१८
ऑक्टोबरमध्ये १८ पूर्ण होतील. तोवर थांबू?

यादीवाचक
थांबू नका. १७ पूर्ण असतील तर आगाऊ अर्ज करता येतो. अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला १८ पूर्ण लागतात ती तारीख, वर्षाला चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तुमचा वाढदिवस १ ऑक्टोबरनंतर असेल तर नाव पुढच्या जानेवारीत लागेल. आणि पालिकेला वेगळी मेख आहे: १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी वापरली होती. मधल्या साडेसहा महिन्यांत १८ झालेले सगळे बाहेर. मतदानाला जाताना कॉलेजचं ओळखपत्र नेऊ नका, ते चालत नाही. आधार किंवा पॅन ठेवा.